पान बासष्ट, प्रश्न एकतीस

ता. ४ मार्च

चि. मुंगीस काकाचे अनेक आशीर्वाद.

भोवऱ्याची नोकरी आम्हाला नेमकी कितीला पडली, याचा हिशेब आज जेवताना मांडला. दोन वर्षं, अठरा वह्या, एक मोडलेली खुर्ची, माझा आवाज आणि तुझ्या काकूचा डावा गुडघा. हा बसल्या बसल्या पेंगायचा, म्हणून ती पहाटे त्याच्या शेजारी उभी राहायची. पण पोरगा भूमापक झाला! यादीत शेवटचा का होईना, यादीत आहे.

उजवीकडे वळ म्हटलं की स्वतःभोवती गिरकी घ्यायचा, म्हणून तूच त्याचं नाव भोवरा ठेवलंस. तो आता लोकांच्या जमिनी मोजणार. समजून घेणं त्याला झेपत नव्हतं, तेव्हा मी सरळ माझं पुस्तकच त्याच्याकडून पाठ करून घेतलं. दिशा आणि अंतराचे तीनशे प्रश्न, तीनशे उत्तरं, पान क्रमांकासकट. झोपेतून उठवून विचार, सांगेल.

तुझंही कळलं. प्रतीक्षा यादीत पहिली, एका गुणानं. वाईट वाटलं; पण एका गुणानं राहिलेला आणि शंभरानं राहिलेला एकाच बसनं घरी येतात, हे लक्षात ठेव. मनाला लावून घेऊ नकोस.

एप्रिलात त्याचं प्रशिक्षण तुमच्याच गावी आहे. त्याला घ्यायला बसस्टँडवर जाऊ नकोस, उगाच तुझ्या दुकानाचा खाडा व्हायचा. आपल्या घराण्यात आजवर कुणी रस्ता चुकलेलं नाही. मी अकराव्या वर्षी घर सोडलं. हमाली केली, पाट्या रंगवल्या, शिकवण्या केल्या आणि इथवर पोचलो. वाटेत एकाला पत्ता विचारला नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. मुखपृष्ठावर तेच वाक्य ठेवलंय: एक चूक दाखवा, दहा पुस्तकं मिळवा. बावीस वर्षांत एक प्रत द्यावी लागलेली नाही.

लोभ आहेच, तो गुणांवर ठरत नाही.

तुझा काका

ता. ८ मार्च

ती. काकांना सा. न. वि. वि.

भोवऱ्याचं अभिनंदन. त्याचं अक्षर सुधारलं असेल तर त्याला दोन ओळी लिहायला सांगा.

माझा एक गुण कुठे गेला ते सापडलं. परीक्षा मंडळानं उत्तरं लावली आहेत. प्रश्न असा होता: एक माणूस घरून उत्तरेला चार किलोमीटर गेला, उजवीकडे वळून तीन गेला, पुन्हा उजवीकडे वळून आठ गेला, तर तो घरापासून किती दूर आणि कोणत्या दिशेला? मी लिहिलं पाच किलोमीटर, आग्नेय. मंडळ म्हणतं पाच किलोमीटर, ईशान्य. म्हणजे चार किलोमीटर वर गेलेला माणूस आठ किलोमीटर खाली उतरला, तरी घराच्या वरच राहिला.

मी आकृती काढून मंडळाच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी कागद उलटा धरला आणि बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले की बाई, तुमचं बरोबर असेलही, पण आमचा आधार हा, आणि कपाटातून तुमचं पुस्तक काढलं. पान बासष्ट, प्रश्न एकतीस. लेखकानं चूक लेखी मान्य केली तरच उत्तर बदलेल, असं त्यांचं म्हणणं. यादी अजून तात्पुरती आहे. हरकतीची मुदत २५ तारखेपर्यंत.

काका, सप्टेंबरात माझं वय परीक्षेच्या मर्यादेबाहेर जातं. पुढची परीक्षा दोन वर्षांनी. लोकांचे अर्ज भरून देण्याच्या या दुकानात मी सहा वर्षं बसते आहे. रोज कुणीतरी येतं, मी त्याचं नाव लिहिते, आणि ते माझ्यापुढे निघून जातं.

बाबा गेले त्या महिन्यात तुम्ही आमच्या व्हरांड्यात खडूनं रेघा मारल्या होत्या. मी त्यांच्यावरून चालायचे, म्हणून तुम्ही मला मुंगी म्हणू लागलात. दिशा मी तिथे शिकले. दोन ओळींचं पत्र हवंय, एवढंच.

काकूला नमस्कार. आहे ती माया राहू द्या.

तुमची मुंगी

ता. १३ मार्च

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून छाती फुगली. आग्नेयच! पैकीच्या पैकी. आता गुपित ऐक. ते उत्तर मी मुद्दाम चुकवलेलं आहे. पुस्तकचोर फार झालेत. प्रश्न उचलतात आणि स्वतःच्या नावानं छापतात. म्हणून मी एक उत्तर उलटं पेरून ठेवतो. ज्याच्या पुस्तकात ईशान्य दिसेल, तो चोर. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी दार लावून घेतो आणि पोरांना खरं उत्तर सांगतो. तू पुस्तक टपालानं मागवलंस, तुझ्यासाठी दार कोण लावणार? भोवऱ्याला सांगितलं होतं; पण त्याच्या डोक्यात एकदा लिहिलं की खोडता येत नाही. ते या खेपेला पथ्यावर पडलं.

मंडळाचा पेपर काढणारा माझ्या पुस्तकावरच पोट भरतो, हे मला वर्षापूर्वी कळलं होतं. छापखान्यात पुढ्यात वर्तमानपत्र धरून बसावं, कान आपोआप कामाला लागतात. त्याचा माणूस प्रत न्यायला आला होता आणि साहेबांना पेपर काढायची घाई आहे असं बोलून गेला. त्याच संध्याकाळी मी भोवऱ्याला पाठांतराला बसवला. तुला कळवायचं मनात होतं. राहून गेलं.

आता पत्राचं. ते दिलं की तुझा एक गुण वाढतो, त्याचा एक कमी होतो. तू यादीत, तो बाहेर. पोटच्या पोराला ढकलायचं, तेही स्वतःच्या सहीनं, आणि वर सगळ्या दुकानांतून पुस्तक परत यायचं. भाऊ असता तर त्यानंही मला हेच सांगितलं असतं. तो समजूतदार होता, म्हणून तर मागे काही ठेवून गेला नाही.

आणि खरं सांगू? दोष तुझाच. काकाचं पुस्तक हाताशी असताना स्वतःचं डोकं चालवायची अवदसा कुठून आठवली? मुंगीनं रेघेवरून चालावं.

दुकानाचा कंटाळा आला असेल तर इकडे ये. पुस्तकाची मुद्रितं तपासायला माणूस हवाय. मी सांगेन तेवढंच दुरुस्त करायचं.

राग धरू नकोस, आपल्यात तो शोभत नाही.

काका

ता. १७ मार्च

ती. काकांना नमस्कार.

तुमचं म्हणणं पटलं. पत्र नको. मंडळाचा विषय मी सोडला.

पण मुखपृष्ठावरचं वचन तर सगळ्यांसाठी आहे ना? मी एक चूक दाखवली आहे. तेव्हा दहा पुस्तकं पाठवावीत. सोबत बक्षिसाची चिठ्ठी असावी. कोणत्या पानावरच्या कोणत्या चुकीबद्दल बक्षीस दिलं ते लिहून, तारीख, सही आणि शिक्का. बावीस वर्षांत पहिलं बक्षीस घरातच आलं, हे चार लोकांना दाखवता येईल. शब्दाला जागणारा माणूस म्हणून तुमचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले.

शक्यतो २५ च्या आत पोचावीत. मैत्रिणींना वाटायची आहेत.

तुमची मुंगी

ता. २६ मार्च

चि. मुंगीस खूप खूप आशीर्वाद.

शाबास! चिठ्ठीवर तारीख, सही, शिक्का! मंडळाच्या साहेबाला नेऊन दाखवायची, होय ना? मी तुझं पत्र काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो की बघ, ही माझ्या हाताखाली तयार झालेली पोर. काकू हसली नाही. पार्सल आजच टाकून या म्हणाली, आणि मी हललो नाही तेव्हापासून तिनं अबोला धरलाय. गुडघ्याचं दुखणं बायकांच्या डोक्यात जातं.

वचन मी मोडत नाही. पुस्तकं दुसऱ्याच दिवशी बांधून टेबलावर ठेवली होती. चहा घेताना रोज पाहायचो. आज सकाळी नवाला मंडळानं पक्की यादी लावली, भोवऱ्याचं नाव तिच्यात आहे. साडेनवाला मी पार्सल टपालात टाकलं. चिठ्ठी आत आहे. पान बासष्ट, प्रश्न एकतीस, खरं उत्तर आग्नेय, सही, शिक्का, आजची तारीख. चौकट करून भिंतीला लाव.

भोवरा १० तारखेला रुजू होतो. कचेरीची वेळ दहाची. पुन्हा सांगतो, त्याला घ्यायला जाऊ नकोस.

माया वाढावी, शहाणपण आता पुरे.

काका

ता. ११ एप्रिल

ती. काकांना नमस्कार.

पार्सल पोचलं. नऊ पुस्तकांत लाल पेनानं पान बासष्ट दुरुस्त केलं आणि दुकानात अर्ज भरायला येणाऱ्या पोरांना देऊन टाकली. चिठ्ठी भिंतीला लावलेली नाही. परवा ती घेऊन भोवऱ्याच्या मोजमाप कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी वाचली, पंधरा दिवस आधी का आणली नाही असं विचारलं आणि मला पाणी दिलं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बसस्टँडवर मी गेले नाही. काल सव्वाअकराला भोवराच घामाघूम होऊन दुकानात आला. बॅग मोठी होती, नवे बूट चावत होते. कचेरी बसस्टँडच्या उजव्या हाताला, सहा मिनिटांवर आहे. तो डावीकडे निघाला होता आणि नदीपर्यंत जाऊन आला. रस्त्यात कुणाला विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाला की बाबांनी बजावलंय, आपल्या घरात कुणी पत्ता विचारत नाही.

मी त्याला पाणी दिलं. दहावं पुस्तक त्याच्यासाठी ठेवलं होतं, त्यात काही दुरुस्त केलेलं नव्हतं. एकतिसावा प्रश्न काढून दिला आणि पान न उलटता सोडव म्हटलं. त्यानं टेबलावर बोट ठेवलं, वर नेलं, उजवीकडे नेलं, खाली आणलं. बोट बरोबर जागी थांबलं, काका. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ईशान्य म्हणाला.

काकूला सांगा, मुलगा सुखरूप आहे. दुकान अर्धा तास बंद ठेवलं, त्याची बॅग घेतली आणि त्याला हाताला धरून कचेरीच्या फाटकापर्यंत सोडून आले.

मुंगी