पाचवं सेशन

२ फेब्रुवारी २००९, सोमवार, सकाळी ६.१०
नवी वही, नवं पर्व. दयानंद, वय ४६, डिलिव्हरी मॅनेजर (माजी). 'माजी' खोडलं. 'इन ट्रान्झिशन' लिहिलं. बरं वाटलं.
संकल्प: पाडव्याच्या आत डायरेक्टर लेव्हलची नोकरी. रोज भुकूम ते भूगाव चालणं. कुठल्याही गोष्टीचं अपराधी वाटून न घेणं, कारण मंदी जगभर आहे, ती काही मी आणलेली नाही.
चालणं उद्यापासून. पोहे जास्त झाले.

३ फेब्रुवारी, मंगळवार
आउटप्लेसमेंट काउन्सेलिंगचं पहिलं सेशन, हिंजवडीच्या एका हॉटेलात. म्हणजे कंपनीने काढलेल्या लोकांना कंपनीच्याच खर्चाने नोकरी शोधायला शिकवतात. मेधा म्हणाली, नारळ दिला आणि वर तो सोलायचा क्लासही. बायकोला कॉर्पोरेट कल्चर कळत नाही.
बॅचमध्ये अकरा जण. त्यात माझ्याच टीममधला कौस्तुभ. उदगीरचा पोरगा, आमच्या मागे साळूबाईंच्या खोलीत भाड्याने राहतो, बायकोला सहावा महिना. मला बघून उठला, खुर्ची दिली. त्याला वाटतं, कुणाला काढायचं ती यादी एचआरने केली. त्याचं नाव मी दिलं होतं. काम चोख करायचा, पण नवा होता आणि भांडला नसता. योग्य वेळी सांगणार आहे. आज चहा आला, राहून गेलं.
काउन्सेलर कल्पना मॅडम म्हणाल्या, पूर्ण कोर्स आठ सेशनचा असतो, पाचव्यापासून कंपन्यांची माणसं स्वतः भेटायला येतात. तुमच्या कंपनीने चारच घेतलीत. बॅच भडकली. कोण हा कंजूष, असं सगळे विचारायला लागले. सगळ्यात मोठ्यांदा मी विचारलं.
(फक्त या वहीसाठी: डिसेंबरच्या मीटिंगमध्ये शेवटची चार मीच कापली. मेलही मीच टाकला, 'हुशार माणसाला चार पुरतात.' तेव्हा यादीत माझंही नाव आहे हे मला कुठे ठाऊक होतं!)

१० फेब्रुवारी, मंगळवार
अभ्यास: ओळखीच्या शंभर माणसांची यादी करून फोन करणे. रुबाबात शंभर लिहिली. मग ज्यांचे फोन मी कधी उचलले नव्हते ते खोडले. उरले सहा. त्यातला एक गॅस एजन्सीवाला.
कौस्तुभने टूम काढली: उरलेली चार सेशन द्या म्हणून आपण सगळ्यांनी एचआरला पत्र लिहू, पहिली सही सरांची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्राफ्ट मीच करतो म्हणालो. पत्र गेलं की एचआर उत्तराला माझा डिसेंबरचा मेल जोडणार, हे उघड आहे. त्यामुळे ड्राफ्ट अत्यंत काळजीपूर्वक करायला हवा.

१४ फेब्रुवारी, शनिवार
ड्राफ्ट पाचवा. 'काइंडली' की 'हंबली', निर्णय नाही. घाई उपयोगाची नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
बॅचला सांगितलं, पत्र गेलं. टाळ्या. खोटं नाही म्हणता येणार, ड्राफ्ट्स फोल्डरमध्ये गेलंच आहे. कौस्तुभने बायकोने केलेले शेंगदाण्याचे लाडू आणले होते. माझ्यासाठी वेगळा डबा. दोन खाल्ले. तिसरा घरी येऊन खाल्ला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
शेवटचं सेशन, मॉक इंटरव्ह्यू. मॅडमनी विचारलं, तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. मी म्हणालो, मी फार जास्त काम करतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.
निघताना कौस्तुभने बाजूला घेतलं. उदगीरला मामाचा कॉम्प्युटर क्लास आहे, मामा शिकवायला बोलावतोय, जाऊ की पाचव्या सेशनची वाट बघू? मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, धीर धर. किती छान बोललो!

११ मार्च, धुळवड
आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. त्याने रंग लावला आणि पाया पडला. माझ्या डोळ्यांत रंग गेला. परत आलो.

२० मार्च, शुक्रवार
मेधा कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत होती, ड्राफ्ट्स उघडले. सात ड्राफ्ट सापडले. मग डिसेंबरचा मेलही. ओरडली असती तर परवडलं असतं. एवढंच म्हणाली, एक तर पाठवा, नाहीतर त्या पोराला जाऊन सांगा, लाज वाटतेय ना, मग तिला जरा कामाला लावा.
वाटते. लई वाटते. ताटावरून तसाच उठलो.
संकल्प: पाडव्याला नक्की. शुभ दिवस असतो.

२७ मार्च, पाडवा, दुपारी ४.३०
श्रीखंडाचा डबा घेऊन गेलो. खोलीला कुलूप. साळूबाई ओट्यावर गहू पाखडत होत्या. म्हणाल्या, पोरगं कालच गेलं की, आठव्या महिन्याच्या बायकोला टेम्पोत म्होरं बसवून. कसला तरी कागद यायचा व्हता म्हनं, लई वाट बघितली. त्या नादात मामाच्या हितली जागाबी दुसऱ्याला गेली, आता नुसतंच गावाला गेलं. मग विचारलं, तुमीच न्हवं का त्याचं सायेब?
व्हय म्हणालो. पुढचं सगळं ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या, डबा हितंच ठिवा, नातवंडं खातील.

त्याच दिवशी, ५.४०
कौस्तुभला फोन लावला. पाणी पिऊन, उभं राहून, पहिलं वाक्य पाठ करून. तोच आधी बोलायला लागला. सर, न सांगता निघालो, राग मानू नका. काही झालं नाही, पण आमच्यासाठी पत्र पाठवणारे तुम्ही एकटेच. बायकोपण रोज तुमचं नाव काढते. थँक यू, सर.
मी म्हणालो, मेन्शन नॉट.