सरासरी पंचाहत्तर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! टीव्हीवर एक टायवाला छातीठोकपणे सांगत होता — ‘वैमानिकाची चूक.’ याला कसं कळलं? विमान पडून पाच दिवस नाही झाले. धावपट्टी सोडली, नाक वर गेलं ते वरच गेलं, मग दाणकन शेतात. एवढंच सगळ्यांना माहीत. बाराच्या बारा प्रवासी वाचले, हातापायावर निभावलं, ते नाही कुणी सांगत. विमान चालवणाऱ्या माझ्या दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, तेही नाही.

वहिनी टीव्ही बंद करते, आई पुन्हा लावते. मी मध्ये.

बुधवार, ५

कामावर गेले. विमानतळाच्या काउंटरवर बसायला नको वाटतं, पण घरी बसणं त्याहून नको. मॅनेजर म्हणाला, “तुझा भाऊ जरा घाईच करायचा, नाही?” घाई! दादाला दाढी करायला अर्धा तास लागतो. मेकॅनिककाका हात झटकून मोकळे — “इंजिन ठणठणीत होतं गं पोरी, देवाशपथ.” म्हणजे इंजिन ठणठणीत, हवा स्वच्छ, कंपनी धुतल्या तांदळासारखी. उरला कोण? खाटेवर पडलेला!

ठरवलं. खरं कारण मीच शोधणार. दादाच्या नावाला हा बट्टा लागू देणार नाही.

शुक्रवार, ७

दवाखान्यात वहिनीचं आणि माझं वाजलं. “आधी दोन चमचे सूप पोटात जाऊ दे त्यांच्या, मग कर तुझी वकिली.” तिचं बरोबर होतं. तरी भांडले.

दादा छताकडे बघत म्हणाला, “ठमे, सोड ना गं.” सोड काय सोड!

शनिवार, ८

दवाखान्यातच वरच्या मजल्यावर गेले, प्रवाशांकडे. बाराही जण वीजकेंद्राच्या रस्सीखेच संघातले, स्पर्धेला निघालेले. त्यांच्यातला सगळ्यात मागचा गडी, ज्याला सगळे ‘नांगर’ म्हणतात, त्याला खाट पुरत नाही. हात प्लास्टरमध्ये, तरी खिदळतोय. विचारलं, उडताना काही जाणवलं का?

“अहो ताई, बसतानाच काय मजा केली! दोरीला उभे राहतो तसेच बसलो की. हलके पुढे, जड मागे, मी शेवटी. काउंटरवर तुम्हीच नाही का हसून हो म्हणालात?”

म्हणाले होते.

“वजन किती तुमचं?”

“एकशे अठरा!” काय तो अभिमान.

मी प्रवाशांच्या वजनाच्या तक्त्यात पंचाहत्तर लिहिलं होतं. बाराही जणांपुढे पंचाहत्तर.

रविवार, ९

आम्ही सगळेच पंचाहत्तर लिहितो! काउंटरला वजनकाटा आहे, पण त्याच्यावर फॉर्मांचे गठ्ठे. माणसाला काट्यावर चढा म्हटलं की तोंड वाकडं, रांग खोळंबते. कुणी जाड, कुणी बारीक, सरासरी बसते — मॅनेजरनंच शिकवलं पहिल्या दिवशी. इतकी वर्षं बसली की! हे बारा धटिंगण एकाच दिवशी कशाला मरायला आले?

शी! काय लिहितेय मी.

मेकॅनिककाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं. “शेपटी जड झाली की नाक वर. मग वैमानिकाचा बाप आला तरी खाली येत नाही.” आणि माझ्याकडे बघतच राहिले.

मंगळवार, ११

चौकशी अधिकारी बाई आल्या. हातात तोच तक्ता. “हे आकडे वजन करूनच लिहिलेत ना?” माझी मान ‘हो’ म्हणून हलली. हलली काय, मीच हलवली!

बुधवार, १२

जेवले नाही. आई म्हणते, भावाच्या काळजीनं पोरगी वाळली. मला माझीच किळस येते.

गुरुवार, १३

दादाचा जबाब झाला. वहिनी आणि मी बाहेर बाकावर, दार अर्धं उघडं. “तक्ता बरोबर होता. मीच नाक जास्त ओढलं. चूक माझी.” वहिनी उठून निघूनच गेली.

आत जाऊन त्याच्यावर ओरडले. चौदा दिवस मी कुणाकुणाशी भांडतेय आणि हा —

“ठमे, ते बारा पहिलवान माझ्यासमोरून चढले. मला डोळे नाहीत का? तक्ता बघितला, खाली तुझी सही बघितली. परत वजन करा म्हटलं असतं तर चारचौघांत तुझी शोभा झाली असती. म्हणून बोललोच नाही मी. आता माझं उडणं संपलंच. तुझी नोकरी कशाला घालवायची?”

इतका राग आला मला त्याचा! इतका, की त्याच्याच उशीत तोंड खुपसून रडले.

शुक्रवार, १४

सकाळी अधिकारी बाईंकडे गेले. सांगितलं — मी कुणालाच काट्यावर चढवलं नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, “आणि वैमानिकाच्या हे लक्षात आलं नसेल?”

आलं होतं, म्हणाले मी.