सात वेळा बघितलंत, आता बोला

चि. किरण यास, पोलादपूरच्या डोंगरावरून गोदूमामीचा आशीर्वाद. आम्ही सगळी धडधाकट, तुझ्या मामांचा गुडघा सोडून, आणि तो काय आजचा नाय. वन्संची साखर कितीवर हाय? गोड मागतील, देऊ नको. तू दिवसभर त्या कॉम्प्युटरच्या डब्यापुढं बसतोस, तळपायाला तूप चोळत जा. हे विचारायची रीत हाय म्हणून विचारलं, आता कामाचं. फोनच केला असता, पण फोनवर तू दर दोन वाक्यांना "मामी, ऐक तर" म्हणतोस. पत्रात तुला मधी तोंड घालता येत नाय. चौथीपर्यंत शिकले ते एवढ्यासाठी तरी उपयोगी पडलं.

आपल्या मंडळाची वधू-वरांची वेबसाईट तू बनवलीस, त्यात गौतमीचं नावपण तूच घातलंस, चांगलं केलंस. पोरीला तेविसावं लागलं, बी.कॉम. झाली, आणि येत्या वैशाखाच्या आत तिचं चांगल्या घरी जमलंच पाहिजे हे माझं ठरलंय. (तिचं काय ठरलंय ते ती सांगत नाय. विचारलं की हसते.) पण मी तुला तेव्हाच म्हटलं होतं की तुझं हे घर बिनदाराचं हाय. आपल्याकडं परका माणूस अंगणात पाय टाकायच्या आधी खाकरतो, "हाय का गो कोण घरात" म्हणतो. तुझ्या वेबसाईटीत कोणपण येतो, माझ्या पोरीचा फोटो बघतो नि चहा न घेता जातो. कोण आला, किती वेळा आला, आईला कळायला नको? तू म्हणालास, मामी, ते जोडायला दोन महिने लागतील. मी म्हटलं, म्हैस व्यायला दहा लागतात, पण ती कारणं सांगत नाय. मग पंधरा दिवसांत झालं. तू आळशी नाय, फक्त टोचावं लागतं.

आता ऐक पुढं काय झालं. वाडीत फोनला रेंज नाय, ती टेकाडावरच्या जांभळीखाली येते. सकाळी म्हशी घेऊन वर गेले की आदल्या दिवसाच्या सगळ्या सूचना एकदम. पहिल्या दिवशी अकरा आल्या, कमरेला खोचलेला फोन असा थरथरला की मी इंगळी समजून लांब भिरकावला. (फुटला नाय. तुझ्या मामांना सांगू नको.) "गौतमी यांची माहिती अमुक यांनी पाहिली", एवढंच येतं. त्यातला एक अठ्ठेचाळीस वर्षांचा निघाला, त्याला मंडळातून काढ. एका ठिकाणी पोरानं बघितलं नि लागलीच त्याच्या आईनं बघितलं, म्हंजे पोराच्या डोळ्यांवर आईचा भरोसा नाय, तेपण घर नको. आणि मग तुडीलचे महिपतराव सुरू झाले. चार दिवसांत सात वेळा! त्यांचा साहिल महाडला कंपनीत हाय, घरची जमीन नदीकाठची, पोर निर्व्यसनी. स्थळ माझ्या मनात आधीपासून होतंच.

आपली रीत तुला माहीत हाय. पोरीला एकदा बघतात ती ओळख. दुसऱ्यांदा बायका येतात ती पसंती. तिसऱ्यांदा आले की पोरीकडच्यांनी उठायचं नि मुलाचं घर बघायला जायचं. इथं तर सात! सात वेळा बघून गप्प बसणं म्हंजे पोरीचं नाव घालवणं, उद्या लोक म्हणतील सातदा बघितली नि सोडली. मी तुझ्या मामांना धोतर बदलायला लावलं, खरवसाचा डबा घेतला, एस्टीनं महाड नि तिथून तुडील. महिपतराव ओटीवर दाढी करत बसले होते, अर्धा गाल साबणाचा. मी बसलेच नाय. म्हटलं, "सात वेळा बघितलंत, आता बोला."

"काय बघितलं?"

"आमच्या गौतमीला."

तर तो माणूस वस्तरा खाली ठेवून विचारतो, "अवो, ती मागची म्हैस तुमची काय? कितव्या वेताची?"

(फोटोत म्हैस मीच उभी केली होती, कबूल. गुरंढोरंवालं घर हाय हे चार लोकांना दिसावं म्हणून. तू तेव्हा ती कापून टाकतो म्हणालास नि मी नको म्हटलं. गप्प बस.) आतून त्यांची बायको ओरडली, "ह्यांना सून बघायला बसवलं, हे गोठ्यात घुसले!" मला वाटलं निदान तुझे मामा तरी चिडतील. ते शेजारी टेकले नि म्हणाले, तिसऱ्या वेताची, आणि पुढं अर्धा तास शिंगं, कास, पेंड. दोन बाप बसले होते नि पोरीचं नाव एकानं काढलं नाय. मी परत तोंड उघडलं तर ती बाई मलाच म्हणते, तुमच्यापण सूचना आल्यात हो, आमच्या साहिलला एकोणतीस वेळा बघितलंत तुम्ही. मी म्हटलं, पोरीची आई हाय, बघणारच, आणि साहिलच्या मागं म्हैस नव्हती. तेवढ्यात साहिल कामावरून आला. पोर गुणी हाय, पण त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं की त्याचं कंपनीतल्या एका मुलीशी ठरलंय. आईबापाला तेव्हाच कळलं. त्या घरात मग जो आवाज झाला, त्यात आम्ही आमचा डबा रिकामा करून उठलो.

मला त्याचं काय वाटलं नाय. एक स्थळ गेलं, दुसरं येतं. पण तुझ्या कामात खोट हाय ती दुरुस्त कर. नुसतं "पाहिलं" असं कळवू नको, काय पाहिलं ते कळव, तोंड की गोठा. आणि मी कुणाला किती वेळा बघते ते लोकांच्या फोनवर जाता कामा नये. हे आठ दिवसांत व्हावं. वन्संना नमस्कार.

तुझी,
गोदूमामी

ता.क. तुडीलहून निघताना साहिल मला म्हणाला, मावशी, फोनवर सगळं येत नाय, थांबा, पूर्ण यादी दाखवतो. त्यानं घरातला कॉम्प्युटर लावला, माझा फोन नंबर घालून गौतमीचं पान उघडलं, वाचून दाखवलं. गौतमीला सगळ्यात जास्ती वेळा बघणारा "व्यवस्थापक", एकशे चौदा वेळा. हा कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, ज्यानं वेबसाईट बनवली तो. तू म्हणशील, मामी, मी तपासणी करत होतो. दोनशे पोरी हायत त्यात, तपासायला एकच सापडली? आणि बाकी सगळ्यांची सूचना मला येते, तुझी एकपण आली नाय, ही तजवीज कुणी केली?

ता.क. दुसरं. मी चिडलेले नाय. मामाची पोरगी हाय, रीतीनं पहिला हक्क तुझा, माझ्याच डोक्यात आलं नाय कारण तुला मी नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून बघतेय. गौतमीला सांगितलं तर लाल झाली, सकाळी झाडलेला गोठा परत झाडला नि म्हणाली, "एकशे चौदा वेळा बघितलं, नि एकदा तोंडानं बोलता आलं नाय त्याला?" हे तिचं उत्तर समज. रविवारी वन्संना घेऊन ये.

ता.क. शेवटचं. तू हे पत्र आईला दाखवणार नायस, मला ठाऊक हाय. म्हणून वन्संना वेगळं कार्ड टाकलंय, उघडं, मोठ्या अक्षरात. ते तुझ्या चाळीत तळमजल्यापासून वरपर्यंत वाचत जाईल.