सहा बैठकांतले बोल खरे की सरकारपुरते, याबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी,
कुटुंब मार्गदर्शन केंद्र, पावणे,
जिल्हा ठाणे.

विषय : जोडप्यांची बंद केलेली बैठक आणखी एकदा भरवणेबाबत.
संदर्भ : आपला शेरा, "सर्व जोडपी सुखी, बैठकीची गरज नाही", दि. १४/१०/१९६६.

महोदय,

१. अर्जदार गोजरा देवजी मढवी, राहणार पावणे. जमीन कारखान्यांसाठी गेली आणि नवरा शेतावरून कारखान्याच्या पाळीवर गेला. अशा घरांतल्या नवराबायकोंनी गोलात बसून मन मोकळे करावे, म्हणून आपण रविवारी देवळात बैठक भरवीत होता. सहा भरल्या.

२. सदर बैठकीचा गावाला पहिल्यापासून संशय होता. टेबल नाही, शिपाई नाही, साहेब आमच्याबरोबर चटईवर, आणि वहीत मात्र काहीतरी टिपतात! ज्याच्या घरात भांडण त्याची नोकरी जाणार, असा गावाने अर्थ लावला. सबब सर्वांनी सुखी असल्याचे सांगितले. शिवा व सखू यांचा दोन महिने अबोला. ते आपल्यासमोर एकमेकांना विडा करून देत होते.

३. अर्जदाराचे पती देवजी हे शेत गेल्यापासून घरी "वाढ" आणि "पुरे" एवढेच बोलतात. परंतु तिसऱ्या बैठकीत म्हणाले, "शेत गेलं तवा मी बांधावर बसून राहिलो. हिनं हात धरून उठवलं. ही हाय म्हनून मी हाय." अर्जदार पदरात तोंड घालून हसली, कारण खोटे बोलायचे आधीच ठरले होते.

४. वाटेत विचारले, तर म्हणाले, "ते सायबासाठी." तेव्हापासून अर्जदाराला झोप नाही. बांधावरून उठवले ही गोष्ट खरी आहे. ती त्यांच्या ध्यानात असेल असे वाटले नव्हते. खोटे बोलायला बसलेला माणूस एवढी खरी गोष्ट कुठून काढील?

५. तरी कबूल करते की आम्ही सुखी नाही. शेरा रद्द करावा. एकच बैठक भरवावी, वही घरी ठेवून यावे, आणि देवजींना तेच पुन्हा विचारावे. ह्या खेपेला अर्जदार हसणार नाही. तिलाही काही सांगायचे आहे. घरी ऐकायला कोणी थांबत नाही.

अर्ज कमळाकर मास्तरांकडून लिहून घेतला असता, पण तेही आपल्या वहीत सपत्नीक सुखी आहेत. म्हणून दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेल्या अक्षरांत लिहिला आहे. सांभाळून घ्यावे.

आपली, खोटे बोलल्याने ओशाळलेली,
गोजरा देवजी मढवी (स्वहस्ते)
पावणे, दि. ७/११/१९६६

सोबत : देवजी मढवी यांचा अंगठा. कसला अर्ज, असे त्यांनी विचारले. "सायबासाठी," एवढेच सांगितले.