खिडकीच्या कडेची भिंत

आई, तुला आपल्या हाउन्सलोच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीबद्दल सांगायचंय. तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि ती खिडकी मला कार्डिफच्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर भेटली.

खिडकी म्हणजे काच नव्हे, काचेच्या बाजूची भिंतीची कड. कौन्सिलच्या भाड्याच्या फ्लॅटचं ते गारठलेलं काँक्रीट. हिवाळाभर तिथे काळी बुरशी यायची. दर रविवारी तू स्टुलावर चढून ब्लीचने ती पुसायचीस आणि पुढच्या रविवारी बाईसाहेब पुन्हा हजर. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरून दमून यायचीस, तरी कोट काढायच्या आधी तुझी नजर त्या कोपऱ्यावर. मग एकदा कौन्सिलचा माणूस आला. त्याने भिंतीला बोटसुद्धा लावलं नाही. गॅसवरच्या आमटीकडे बघून म्हणाला, "इट्स द कुकिंग. कीप द विंडो ओपन." तू "येस, येस, सॉरी" म्हणालीस, वर त्याला चहा दिलास. त्या चहाचा मला अजून राग येतो. त्यानंतर भर जानेवारीत खिडकी सताड उघडी, आणि तू कोट घालून पोळ्या लाटते आहेस. आमटीला फोडणी नाही. वसंत येईपर्यंत आपण ती मिळमिळीत आमटी खाल्ली.

आता मी अशाच जुन्या इमारतींना बाहेरून नवं आवरण चढवायचे नकाशे करते. सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचे थर आधी ठरवायचे: बाहेर क्लॅडिंगचे पत्रे, मग हवेची फट, मग ऊब धरणारं इन्सुलेशन, मग जुनं काँक्रीट. मग भिंत ओढायची आणि तीत खिडक्या बसवायच्या. तीन वर्षांपूर्वी पंधरा मजल्यांची एक इमारत माझ्याकडे होती. पडद्यावर ती इतकी देखणी दिसत होती की मी स्वतःवरच खूश होते. दुसऱ्या दिवशी नकाशे बिल्डरकडे जायचे होते. सहज म्हणून एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून मॉडेल आडवं कापून पाहिलं, आणि माझं बोट पडद्यावर जिथे गेलं तिथे तुझं फडकं असायचं. इन्सुलेशन खिडकीपाशी येऊन तुटलं होतं. ते कडेवरून वळवून चौकटीपर्यंत न्यायचं, तर सॉफ्टवेअरला तसं सांगावं लागतं, एका चौकोनात खूण करावी लागते. मी ती केलीच नव्हती. एका खिडकीत चुकलं म्हणजे पंधराही मजल्यांवर चुकलं. भिंती उबदार झाल्या असत्या आणि कडा तशाच गार राहिल्या असत्या, घरातली वाफ तिथेच थिजून पुन्हा बुरशी आली असती. मग तिथल्या बायकांनाही कोणीतरी येऊन सांगितलं असतं, तुमचा स्वयंपाक फार.

बॉसला सांगितलं तर तो म्हणाला, "द बिल्डर्स विल सॉर्ट इट ऑन साइट." मी म्हटलं, "दे वोन्ट." आणि मग, ऑफिसात पहिल्यांदाच, मी तुझ्याबद्दल बोलले. ब्लीच, स्टूल, कोट, सगळं. चूक माझीच होती, हेही सांगितलं. तो मग म्हणाला, "टेक द वीक." आठवडा पुरला. खूण करायला क्षणभर लागला, पण चौकटीपाशी जागा चिंचोळी, तिथे कोणता पातळ थर बसेल हे ठरवण्यात दिवस गेले.

काम पुरं झालं, आणि या जानेवारीत मी तिथे जाऊन आले. सातव्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. खिडकी बंद, तव्यावर कांदा परततोय. त्यांना विचारून मी कडेला तळहात टेकवला. कोरडी होती, आई. कोमट आणि कोरडी. आजी म्हणाल्या, "लव्हली, इझन्ट इट?" मी मान हलवली.

हे पत्र मी त्या इमारतीच्या नकाशांच्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे. पण एक सांगायचं राहिलं. तो कौन्सिलचा माणूस गेल्यावर तू मला विचारलं होतंस, "खरंच माझ्या स्वयंपाकाने होतं का गं?" घरात इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून विचारलंस. मला काहीही ठाऊक नव्हतं. शाळेच्या लोकरी जंपरला फोडणीचा वास येतो म्हणून मुली हसायच्या, एवढंच ठाऊक होतं. मी "हो" म्हटलं.