तीन मिनिटांची साक्ष

नांदेड,
२० नोव्हेंबर

प्रिय आदर्श,

चौदा डिसेंबरला, रविवारी, आपल्या मंडळीच्या युवक मेळाव्यात तू मुख्य वक्ता आहेस, हे आता पक्कं झालं आहे. पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर करायच्या आधीच मला ते निजामोद्दीननं सांगितलं. वजिराबादेत त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्याच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात शिकल्या, म्हणून मराठी मजकूर छापण्याआधी तो शुद्धलेखन बघायला माझ्याकडे आणतो. पंधरा फुटी फ्लेक्स आहे. डावीकडे हॅट घातलेला तू आणि तुझ्याभोवती झांबियातली शाळकरी मुलं. उजवीकडे तुटलेली साखळी. खाली ठळक अक्षरांत, 'गोठ्यातल्या साखळीपासून ख्रिस्ताच्या सेवेपर्यंत'. शुद्धलेखनाची एकही चूक निघाली नाही. निजामोद्दीन म्हणाला, "मॅडम, कमिटीवाले म्हनायलेत साखळी अजून जाड पायजे. कशाची करू, बैलाची का हत्तीची?" मी म्हटलं, वासराची कर. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर अवघड विषय निघाला की तू 'आक्का, आपण आधी प्रार्थना करू या' म्हणतोस, आणि आमेन होईपर्यंत माझी रिक्षा येते नाहीतर तुझं नेटवर्क जातं. कागदावर तुला मध्येच डोळे मिटता येणार नाहीत.

इकडचं सगळं ठीक आहे. मी मार्चमध्ये शाळेतून निवृत्त झाले. निरोप समारंभात मला दोन भिंतीवरची घड्याळं मिळाली आणि दोन्ही मागे पडतात. गुडघे दुखतात. तनुजा दर रविवारी जेवायला येते. तनुजा कोण ते तू विसरला असशील, म्हणून सांगते. रेणापूरच्या वैजनाथची मुलगी, म्हणजे दगडोबा आणि तुळजाबाईंची नात. इथे नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते आणि मला आत्या म्हणते. तिच्याबद्दल पुढे लिहीनच, कारण हे पत्र लिहायची वेळ तिच्यामुळेच आली.

तिकडच्या सेवेची खबर देणारी, झांबियाहून मंडळीला येणारी तुझी प्रार्थनापत्रं मात्र वेळेवर येतात. बारा वर्षं झाली, दर तीन महिन्यांनी एक. सूचना संपल्या की सेक्रेटरी ते उभं राहून वाचून दाखवतात आणि बायका पदराखाली जांभया देतात. मार्चच्या शिबिरात एकशे चाळीस तरुणांनी तारणासाठी, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारायला, हात वर केले, जूनमध्ये दोनशे दहा, ऑगस्टमध्ये तीनशेच्या वर. सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं आणि आपण तेवढे उघडे ठेवून हात मोजायचे, ही तुझी सेवा. तू गणिताचा मास्तर, मोजण्यात चुकणार नाहीस. पण एवढ्या हातांमधल्या एकाही मुलाचं नाव बारा वर्षांत पत्रात आलं नाही. आईबाप काय करतात, खाणीत जातात की बाजारात बसतात, हात वर केल्यावर पुढच्या सोमवारी त्या मुलाचं काय झालं, यातलं काहीच तू कळवत नाहीस. तू तिकडे माणसांत राहतोस की आकड्यांत, हे मला अजून समजलेलं नाही.

तुला शिकवता येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्या शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर एक फोटो होता. तू मुलांना मैदानात नेऊन आंब्याच्या झाडाची सावली पावलांनी मोजायला लावली होतीस. आधी काठीची सावली, मग झाडाची, आणि त्यावरून झाडाची उंची. मुलांचे चेहरे पाहून मला खरंच बरं वाटलं. मग खाली वाचलं की ही पद्धत 'आदर्श सरांनी स्वतः शोधून काढली'. आदर्श, ती पद्धत दगडोबांची. धुऱ्यावरची बाभूळ किती फूट निघेल हे ते झाड न तोडता असंच सांगायचे, आणि काठी धरायला तू असायचास. ते दुसरी शिकलेले होते, म्हणून त्यांचं नाव घ्यायला तुला बहुधा संकोच वाटला.

आता साक्षीबद्दल. तुमच्या मिशनरी ट्रेनिंगमध्ये प्रभूनं आपलं आयुष्य कसं बदललं याची तीन मिनिटांची साक्ष तयार करून घेतात, हे तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. पहिलं मिनिट अंधाराचं, दुसरं प्रभू भेटल्याचं, तिसरं उजेडाचं. तुझी अडचण मला तेव्हाच कळली होती. आपले पणजोबा बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. पप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर, चर्चमध्ये पेटी वाजवणारे. तू पाळण्यात असल्यापासून गीतं ऐकलीस. दारू, जुगार, मारामारी यांतलं काही तुला धड जमलं नसतं. कॉलेजात तू एकदाच सिगारेट ओढलीस आणि दोन दिवस आजारी पडलास. पहिल्या मिनिटात सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीच नव्हतं. तुझ्याबरोबरच्या पोरांकडे एकेक झकास अंधार, आणि तू कोरा. एवढ्या गोष्टीची मला कीव आली असती. पण तू दुसऱ्याच्या घरातला दिवा विझवून आपला अंधार तयार केलास, आणि त्याची कीव मला येत नाही.

तुला आठवत नसेल तर क्रमानं सांगते, म्हणजे मेळाव्यात सोयीचं पडेल. तू नऊ वर्षांचा होतास. आईला टीबी झाला, तिला मिशनच्या दवाखान्यात दूर न्यावं लागलं आणि पप्पांनी बिनपगारी रजा घेतली. मला नांदेडला मुलींच्या हॉस्टेलवर टाकलं. रेणापूरला आपण ज्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो, त्या तुळजाबाई पप्पांना म्हणाल्या, "मास्तर, लेकराला कुटं फिरवता? ऱ्हाऊ द्या हितं. चार खातेत तितं पाचवं खाईल." तिथे तू दोन वर्षं राहिलास. जेवायला बसलास की त्या भाकरीवर हात ठेवून थांबायच्या, "आधी तुजं त्ये म्हन, मंग हात लाव." तू प्रार्थना विसरायचास, पण त्या विसरू द्यायच्या नाहीत. पुढे पुढे तर तुझ्या चुका काढायला लागल्या, मधली एक ओळ खाल्लीस म्हणून. आणि दर रविवारी दगडोबा तुला लातूरला संडे स्कूलला न्यायचे. एसटी चुकली तर सायकलवर डबलसीट. तू आत गात असायचास आणि ते बाहेर लिंबाखाली तंबाखू मळत बसलेले. चर्चच्या सेवकानं आत बोलावलं तर म्हणाले, "आमी हितंच बरे. त्येचं होऊ द्या निवांत." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण महिन्यातून एका रविवारी मलाही हॉस्टेलवरून तिथे आणायचे.

साखळीची गोष्टही सांगून टाकते. संडे स्कूलमध्ये पौल आणि सीला तुरुंगात गीतं गात होते आणि भूकंपानं त्यांच्या बेड्या गळून पडल्या, तो धडा झाला. सोमवारी तू गोठ्यात जाऊन वासराच्या साखळीत आपला पाय अडकवलास आणि मोठमोठ्यानं गीतं म्हणत बसलास, भूकंप होऊन साखळी गळून पडावी म्हणून. भूकंप काही झाला नाही. कडी बसली ती निघेना. पायाला सूज आली, तेव्हा बोंबलायला लागलास. दगडोबांनी शेतातून येऊन पायाला गोडेतेल चोळलं, मग लोहाराला बोलावून कडी कापली. चांगली साखळी गेली म्हणून ते चिडले असतील असं तुला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या टायमाला सुतळी घे."

तनुजानं गेल्या महिन्यात तुझा व्हिडिओ पाहिला. तुमच्या युवक शिबिरातला, बासष्ट हजार लोकांनी पाहिलेला. तिनं शोधला नव्हता, तिच्या वर्गातल्या एका मुलीनं पाठवला. रविवारी जेवण झाल्यावर तिनं फोन माझ्यासमोर ठेवला आणि आपण बाजूला भांडी घासत राहिली. तुझं इंग्रजी चांगलं झालं आहे. 'मूर्तिपूजक जमीनदाराच्या घरी मला गोठ्यात साखळदंडानं बांधून ठेवायचे. त्या घरातली बाई मला प्रार्थनेचा शब्दही उच्चारू द्यायची नाही. चौदाव्या वर्षापर्यंत येशूचं नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं.' इथे तू थांबलास, रुमाल काढलास आणि समोरची पोरं रडायला लागली. मग हात वर. मला सगळ्यात जास्त लाज त्या रुमालाची वाटली. तनुजानं नळ बंद केला आणि विचारलं, "आत्या, हे आमच्याच घराबद्दल बोलायलेत ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आमची जमीन सात एकर हाय. जमीनदार कुठून झालो आमी?" घरी दाखवलंस का, असं मी विचारलं. "न्हाई दाखवला. आजीला इंग्रजी येत न्हाई, तेवढं बरं हाय."

तेवढ्यावरच तुझं आजवर निभावलं. दगडोबा गेले तेव्हा तू एक फॉरवर्ड केलेलं वचन पाठवलंस, खाली दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानाचं नाव होतं. वैजनाथनं तेही आईला आदरानं वाचून दाखवलं.

माझी चूकही लिहिते, कारण ती लपवून तुला जाब विचारणं बरं नव्हे. दिवाळीत आणि ईस्टरनंतर मी रेणापूरला जाते. तुळजाबाई लगेच विचारतात, आदर्शचं पत्र आलं का, वाच. मी तुझं प्रार्थनापत्र वाचते. पहिली दोन वर्षं जसंच्या तसं वाचलं. वाचून झालं की त्या विचारायच्या, "आमचं काई न्हाई का त्येच्यात?" तिसऱ्या वर्षापासून मी घालायला लागले. 'तुळजामावशींची आठवण येते. मी इथल्या मुलांना सांगतो, मला प्रार्थना म्हणायला मावशींनी शिकवलं.' वाचता वाचता सुचेल तसं. दहा वर्षं मी तुझ्या नावावर खोटं बोलत आले आणि माझं खोटं तुझ्यापेक्षा बरं, अशी मनाची समजूत घालत आले. त्याचा परिणाम असा झाला की गावात त्या सगळ्यांना सांगतात, माजं लेकरू परदेशात शाळंत माजं नाव घेतंय. भजनाला जातात तिथे सांगतात, दवाखान्यात सांगतात. ऐकणारे आता त्यांच्या तोंडावर हसतात, म्हातारीला भास होतात म्हणून.

म्हणूनच हे पत्र. फ्लेक्सचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकला आणि फिरत फिरत तो रेणापूरला पोचला. वैजनाथला साखळीचं कोडं पडलं, पण तुळजाबाईंना नाही. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "सिंदू, ती कापल्याली साकळी हाय बग. त्येनं ध्यानात ठिवलंया." त्या येणार आहेत. तुझ्या तोंडून आपलं नाव ऐकायचं आहे, आणि हसणाऱ्या चारजणांनाही ते ऐकवायला सोबत आणायचं आहे. मी टाळायचा प्रयत्न केला. प्रवास झेपणार नाही, थंडी असेल, गर्दी असेल, सगळं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी अठ्ठ्याहत्तरची हाय. आता न्हाई तर कवा?" वैजनाथनं गाडी ठरवली आहे. तेरा तारखेला, शनिवारी, दुपारपर्यंत सगळे माझ्याकडे उतरतील. रविवारी दहा वाजता पहिल्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, त्यांची खुर्ची आहे. कमिटीला सांगून मी ती धरली आहे. तिकडे तू इंग्रजीत बोललास, इथे मराठीत बोलशील. पण त्यांना आता फार कमी ऐकू येतं, फक्त उजव्या कानानं आणि तेही जवळून. म्हणून त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं आहे, तू बोलशील ते वाक्य वाक्य त्यांच्या कानात सांगायला. मी हो म्हटलं. या वेळी मी एक शब्द घालणार नाही आणि एक गाळणार नाही. तीन मिनिटांत काय सांगायचं ते तू ठरव, तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. फक्त एवढं लक्षात ठेव की त्यांच्या कानात सांगायचं म्हणजे जवळजवळ ओरडावं लागतं, मागच्या दोन-तीन रांगांना स्वच्छ ऐकू जाईल. आणि एखादी गोष्ट पटली नाही तर त्या कार्यक्रम संपायची वाट बघत नाहीत, बसल्या जागेवरून तिथल्या तिथे विचारतात.

तुझीच,
सिंधुआक्का