वीसपैकी अकरा

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. टाइलचं काम सोडून तू दुकानात पुड्या बांधायला लागलास त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझा फोन आला की "हं, हं" करतोस आणि आईकडे देतोस. म्हणून म्हटलं, लिहावंच.

हसशील, पण आठवड्यातून दोन दिवस मी कंपनीच्या शिकवणी केंद्रात असतो. सातवीत दोनदा बसलेला तुझा दादा मार्क देतो! शिकाऊ पोरांनी एकेक भिंत टाइल लावून दाखवायची, पास होईल त्याला कामावर घ्यायचं. तिथले सर म्हणाले, मार्क कशाला किती द्यायचे त्याचा तक्ता आपण दोघं करू, चांगली भिंत तू कशी ओळखतोस ते सांग. मी म्हटलं, बघितलं की कळतं. ते म्हणाले, तुला कळतं रे, पण ज्याला नापास करशील त्याला कसं कळणार?

मग बसलो. ओळंबा, सांधे, पोकळपणा, कापणी, सफाई. प्रत्येकाला चार मार्क. नुसते आकडे नाहीत, चार म्हणजे काय दिसलं पाहिजे, तीन म्हणजे काय, तेही लिहायचं. ठोकल्यावर एकही टाइल पोकळ वाजली नाही तर चार, एक-दोन वाजल्या तर तीन. एवढ्याला अख्खी दुपार गेली. मी पाच वेळा पाणी प्यायला उठलो. त्यापेक्षा सिमेंटची पोती उचलणं परवडलं.

तक्ता बरोबर झालाय का बघायला दोघांनी एकच भिंत वेगवेगळी तपासली. सरांचे चौदा, माझे आठ. कुठं कापलेस दाखव, म्हणाले. दाखवता येईना. खरं सांगू? तो गडी सकाळी उशिरा आला होता आणि वर दात काढत होता. मी भिंत बघितलीच नव्हती, त्याचे दात बघत होतो. सरांनी नुसता खोडरबर पुढं सरकवला.

तेव्हापासून डोक्यात तूच आहेस. आत्याच्या बाथरूमची भिंत तू एकट्यानं केलीस, आणि तिच्या देखत मी म्हणालो, "तुझ्या हातात कामच नाही, पुड्या बांध जा." त्या दिवशी तूही उशिरा आला होतास.

काल ती भिंत आठवून तक्ता भरला. ओळंबा तीन. सांधे तीन. दोन टाइल पोकळ वाजल्या होत्या, म्हणून तीन. नळाभोवतीची कापणी वाकडी, एक. सांध्यावरचं सिमेंट पुसायचं राहिलं, एक. अकरा झाले, पासला बारा लागतात. तीनदा बेरीज केली, एक मार्क कुठं सापडेना. खोटा देणार नाही. पण 'हातात काम नाही' असा रकाना तक्त्यात कुठंच नाही रे. चुकलं माझं. कोरा तक्ता सोबत पाठवतोय. माझ्या आठवणीवर जाऊ नकोस, ओळंबा घेऊन आत्याकडे जा, तूच मोज, मार्क तूच दे. पुढच्या महिन्यात इथं नवीन शिकाऊ पोरं घेणार आहेत. आलास तर तुझी भिंत सर तपासतील, मी नाही, तसं त्यांना सांगून ठेवलंय. यायचं नसेल तर नको येऊस. आकडा मात्र कळव.

तुझाच,
दादा